पाण्यातले भोवरे माशाला मदत करतात की आडवे येतात?

जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला की कोकणातल्या ओढ्यांवर गर्दी जमते. गाभोळीने भरलेले मासे नदीतून ओढ्यात आणि ओढ्यातून थेट भातशेतात चढायला लागतात, तेही प्रवाहाच्या उलट. रायगड-ठाण्याकडे यांना वलगणीचे मासे म्हणतात, तळकोकणात चढणीचे मासे. याच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतीलच. पुढच्या वेळी अशी रील दिसली की जरा स्लो करून बघा. मासा सरळ रेषेत चढत नाही. एक झटका मारतो, दगडामागे थांबतो, थोडा बाजूला सरकतो, पुन्हा झटका. कधी कधी पाणी इतकं उसळत असतं की आता हा वाहून जाणार असं वाटतं, आणि नेमका तिथूनच तो वर निघतो. उलट एखाद्या सिमेंटच्या गुळगुळीत मोरीत पाणी शांत दिसतं, पण तिथे मासे अडकून पडलेले असतात.

असं का होतं, हे कळायला पाण्याचा वेग माहीत असणं पुरेसं नाही. त्या वेगात किती चढउतार आहेत, म्हणजेच टर्ब्युलन्स किती आहे, हे कळावं लागतं. जगभरात धरणांच्या कडेला माशांसाठी बांधलेल्या कित्येक वाटा नीट चालत नाहीत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

गेम खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. स्क्रीनवर सरासरी पिंग ४० दाखवतंय, सगळं मस्त वाटतंय, पण दर दोन सेकंदांनी पिंग ३०० वर उडी मारतंय. सरासरी चांगली असूनही तुम्ही मरता. नेटवर्कवाले याला जिटर म्हणतात. टर्ब्युलन्स हा पाण्याचा जिटर आहे असं समजा. एक फरक मात्र आहे: पाण्यातला हा जिटर कधी कधी माशाच्या फायद्याचा ठरतो.

टर्ब्युलन्स म्हणजे नेमकं काय?

घरातला नळ अगदी थोडा उघडा. पाण्याची धार काचेसारखी गुळगुळीत पडते. नळ पूर्ण उघडला की तीच धार पांढरी, खडबडीत, आवाज करणारी होते. पहिला प्रवाह स्तरीय, म्हणजे लॅमिनार. दुसरा संक्षुब्ध, म्हणजे टर्ब्युलंट.

१८८३ मध्ये मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतून पाणी सोडलं आणि त्यात रंगाची बारीक धार सोडून पाहिली. वेग कमी असताना रंगाची रेघ सरळ जात होती. एका ठरावीक वेगानंतर ती विस्कटून सगळ्या पाण्यात पसरली. त्यातून एक आकडा पुढे आला, त्याला आज रेनॉल्ड्स नंबर म्हणतात: वेग गुणिले आकार, भागिले द्रवाचा चिकटपणा. नळीत हा आकडा साधारण दोन हजारांच्या पुढे गेला की गडबड सुरू होते.

आता नदीचा आकडा काढू. खोली १ मीटर, वेग सेकंदाला १ मीटर, आणि पाण्याचा चिकटपणा या हिशेबात दहा लाखांश. उत्तर येतं १० लाख. म्हणजे वरून कितीही शांत दिसली तरी वाहती नदी टर्ब्युलंटच असते. प्रश्न फक्त किती आणि कसा, एवढाच. माशाचाही असाच आकडा निघतो. २० सेंटिमीटरचा मासा सेकंदाला अर्धा मीटर पोहत असेल तर तो १ लाखाच्या आसपास असतो. पण अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं ५ मिलिमीटरचं पिल्लू सेकंदाला १ सेंटिमीटर सरकतं, तेव्हा त्याचा आकडा फक्त ५०. त्याला पाणी जवळजवळ काकवीसारखं घट्ट लागतं. एकाच नदीत आई आणि पिल्लू जणू दोन वेगळ्या द्रवांमध्ये पोहत असतात.

टर्ब्युलंट पाण्यात भोवरे असतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ते वेगवेगळ्या मापाचे असतात. मोठा भोवरा फुटून मध्यम होतो, मध्यम फुटून लहान, आणि शेवटी मिलिमीटरपेक्षाही लहान भोवरे चिकटपणामुळे विरून जातात. त्यांची ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात मिसळते. धबधब्याखालचं पाणी एवढं उसळतं आणि थोड्याच अंतरावर शांत होतं, कारण मधल्या जागेत हा सगळा कारखाना चाललेला असतो. हे लक्षात ठेवा, माशांच्या शिडीकडे गेल्यावर पुन्हा लागणार आहे.

माशाचं इंजिन आणि त्याची बॅटरी

माशाच्या अंगात दोन प्रकारचे स्नायू असतात. कडेने एक पातळ पट्टा लाल स्नायूंचा. तो ऑक्सिजनवर चालतो, थकत नाही, पण ताकद कमी. बाकीचं बहुतेक मांस म्हणजे पांढरे स्नायू. ते झटका देतात, पण काही सेकंदांतच त्यांचं इंधन संपतं आणि पुन्हा भरायला कित्येक तास लागू शकतात. थोडक्यात, टर्बो मोड आहे, पण फास्ट चार्जिंग नाही.

म्हणून शास्त्रज्ञ माशाच्या वेगाचे तीन भाग करतात. २०० मिनिटांपेक्षा जास्त वेळ टिकतो तो कायमचा वेग. २० सेकंदांच्या आत संपतो तो झटक्याचा वेग. मधला उरतो तो लांबवलेला वेग. प्रयोगशाळेत माशाला पाण्याच्या बोगद्यात ठेवतात, दर काही मिनिटांनी वेग एक पायरी वाढवतात आणि तो कधी दमतो ते बघतात. ही पद्धत कॅनडातल्या ब्रेट यांनी १९६४ मध्ये सॉकआय सामन माशावर वापरली आणि तीच आजही रूढ आहे.

गोम अशी की या बोगद्यातलं पाणी मुद्दाम जाळ्यांतून गाळून शक्य तितकं सुरळीत केलेलं असतं. म्हणजे माशाची परीक्षा एक्सप्रेसवेवर घ्यायची आणि त्याला लायसन्स द्यायचं घाटातल्या खड्ड्यांच्या रस्त्याचं.

फरक किती पडतो ते साध्या गणिताने बघू. समजा पाण्याचा वेग अर्धा वेळ सेकंदाला १ मीटर आणि अर्धा वेळ २ मीटर आहे. सरासरी १.५. पण एका जागी टिकून राहायला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. एकसारख्या १.५ वेगासाठी घन येतो ३.३७५. चढउतार असलेल्या पाण्यात १ चा घन १, २ चा घन ८, त्यांची सरासरी ४.५. सरासरी वेग तोच, खर्च तेहतीस टक्के जास्त. सरासरीवरून डिझाइन केलं की हा खर्च कागदावर दिसतच नाही, तो माशाच्या खात्यातून जातो. शिवाय तोल सांभाळायला पर सतत हलवावे लागतात, त्याचा खर्च वेगळा.

आता अंतराचं गणित. २० सेंटिमीटरचा मासा झटक्यात सेकंदाला स्वतःच्या दहा लांब्या, म्हणजे २ मीटर जातो असं धरू. समोरून पाणी १.६ मीटरने येतंय. पुढे सरकण्याचा वेग उरला फक्त ०.४ मीटर. झटका १० सेकंद टिकला तर तो ४ मीटर जाईल. रस्त्याखालची मोरी १० मीटर लांब असेल तर मासा अर्ध्याच्या आत संपला. आणि पाण्याचा वेग मध्येच ०.४ ने वाढला तर त्या क्षणी तो एक इंचही सरकत नाही, बॅटरी मात्र उतरत राहते.

मेलेला मासा पोहला

इथपर्यंत वाचून टर्ब्युलन्स हा व्हिलन वाटेल. तसं नाही.

प्रवाहात एखादा गोल खांब उभा असेल तर त्याच्यामागे एक भोवरा डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून. असं अगदी तालात चालतं. याला कारमान व्हॉर्टेक्स स्ट्रीट म्हणतात. ताल किती, हे काढायचं सूत्र तोंडपाठ करण्याएवढं सोपं आहे: ०.२ गुणिले वेग भागिले खांबाची जाडी. ५ सेंटिमीटर जाडीचा खांब आणि सेकंदाला ४५ सेंटिमीटर वेग असेल तर सेकंदाला साधारण १.८ जोड्या.

२००३ मध्ये जेम्स लियाओ आणि सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात एक प्रयोग छापला. ट्राउट माशांना त्यांनी अशाच खांबामागे सोडलं आणि त्यांच्या स्नायूंत बारीक इलेक्ट्रोड बसवून कुठले स्नायू किती काम करतात ते मोजलं. खांबामागच्या भोवऱ्यांत मासे नेहमीसारखे पोहतच नव्हते. त्यांच्या शेपटीचा ताल भोवऱ्यांच्या तालाशी जुळला होता, शरीर शिडासारखं डावी-उजवीकडे झुलत होतं, आणि बरेचदा फक्त डोक्याजवळचे स्नायू चालू होते. बाकी इंजिन बंद. भोवऱ्यांमधून नागमोडी वाट काढणाऱ्या या चालीला त्यांनी कारमान गेट असं नाव दिलं.

पुढची पायरी आणखी भारी आहे. २००६ मध्ये याच गटातल्या संशोधकांनी मेलेला ट्राउट खांबामागे सैल दोरीला बांधून ठेवला. भोवरे त्याच्या लवचिक शरीरावर आदळले, शरीर त्याच तालात वळवळायला लागलं, आणि मेलेला मासा प्रवाहाविरुद्ध खांबाच्या दिशेने पुढे सरकला. दोरी ढिली पडली. मेंदू नाही, स्नायू नाहीत, फक्त योग्य लवचिकपणाचं शरीर आणि योग्य मापाचे भोवरे. माझ्या मते भौतिकशास्त्राच्या पुस्तकात छापण्यासारखा यापेक्षा चांगला प्रयोग शोधून सापडणार नाही.

अर्थात जिवंत माशाला आधी ती जागा शोधावी लागते. त्यासाठी डोळे आहेतच, शिवाय अंगाच्या दोन्ही कडांना पार्श्वरेषा असते. त्यात केसांसारख्या बारीक संवेदकांच्या रांगा असतात आणि पाणी अंगावरून कसं सरकतंय, दाब कुठे कमी-जास्त होतोय हे त्या सांगतात. तुमच्या फोनमधल्या ॲक्सेलरोमीटरचे शेकडो तुकडे करून अंगभर चिकटवल्यासारखं. एस्टोनियातल्या टालिन तंत्रज्ञान विद्यापीठात मार्या क्रूस्मा यांच्या पुढाकाराने फिलोस नावाच्या प्रकल्पात याच कल्पनेवर कृत्रिम पार्श्वरेषा असलेला रोबो मासा बनवला गेला.

मग मासा उलटतो कधी?

भोवरा चांगला की वाईट हे चार गोष्टींवर ठरतं, आणि २०१२ पासून संशोधक त्या चारही एकत्र मोजायचा आग्रह धरतायत: चढउतारांचा जोर किती, त्यांना ताल आहे की ते कसेही येतात, भोवरा कुठल्या अक्षाभोवती फिरतो, आणि त्याचं माप माशाच्या तुलनेत किती.

यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. माशाच्या लांबीच्या मानाने अगदी लहान भोवरे असतील तर ते अंगावर सगळीकडून थोडे थोडे आपटतात आणि एकमेकांना रद्द करतात. माशापेक्षा खूपच मोठा भोवरा असेल तर त्याच्यासाठी ती फक्त प्रवाहाची बदललेली दिशा. त्रास मधल्या मापात आहे, जिथे भोवरा आणि मासा एकमेकांच्या तोडीचे असतात. तेव्हा डोक्यावर एका बाजूने धक्का बसतो आणि शेपटीवर दुसऱ्या बाजूने. ट्रिटिको आणि कोटेल यांनी २०१० मध्ये क्रीक चब नावाच्या छोट्या अमेरिकन माशावर प्रयोग केले. भोवऱ्याचा व्यास माशाच्या लांबीच्या साधारण पाऊणपट झाला की माशांचा तोल जाऊ लागला. मासा कलंडतो, मागे फेकला जातो, पुन्हा सरळ होऊन पोहायला लागतो. असं काही वेळा झालं की दमतो.

अक्षाचंही तसंच. भोवरा उभ्या अक्षावर फिरत असेल, म्हणजे वरून पाहिल्यावर गोल दिसत असेल, तर माशाला तो बरा पडतो, कारण त्याचं शरीर डावी-उजवीकडे वळायलाच बनलंय. पण भोवरा आडव्या अक्षावर, म्हणजे लाटण्यासारखा फिरत असेल, तर मासा डोकं खाली शेपटी वर असा उलटा होतो. त्या दिशेला त्याच्याकडे वळायची सोयच कमी. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली नेमका हाच लाटण्यासारखा भोवरा तयार करतं. याच भोवऱ्यात पोहणारी माणसंही अडकतात, म्हणून बंधाऱ्याच्या पायथ्याशी उतरू नये.

आता एक कोडं. एका कुंडात २० सेंटिमीटरचे भोवरे आहेत. ७० सेंटिमीटरचा सामन आरामात जातो. २५ सेंटिमीटरचा मासा तिथे लोळतो. पाणी तेच, कुंड तेच. मग ही वाट 'माशांसाठी' आहे असं म्हणायचं का?

माशांची शिडी: ब्रेक म्हणून टर्ब्युलन्स

कॅनडातल्या फ्रेझर नदीवर हेल्स गेट नावाची अरुंद घळ आहे. १९१३ मध्ये रेल्वेमार्गाच्या कामातले सुरुंगाचे दगड नदीत गेले आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये मोठी दरड कोसळली. घळ आणखी अरुंद झाली, वेग वाढला, आणि समुद्रातून अंडी घालायला निघालेले सॉकआय सामन ठरावीक पाणीपातळीला तिथेच अडकायला लागले. प्रकरण समजून घ्यायला अनेक वर्षं गेली. शेवटी १९४४ ते १९४६ च्या दरम्यान दोन्ही काठांवर माशांसाठी काँक्रीटच्या वाटा बांधल्या गेल्या आणि सामन पुन्हा वर जायला लागले.

तिथे वापरलेलं डिझाइन उभ्या फटींचं आहे. लांब पाट, त्यात थोड्या थोड्या अंतरावर भिंती, आणि प्रत्येक भिंतीत वरपासून खालपर्यंत एक उभी फट. दोन भिंतींमधली जागा म्हणजे कुंड. नदीची पातळी कितीही वर-खाली झाली तरी फट पूर्ण उंचीची असल्याने वाट चालू राहते. पाणी फटीतून धारेसारखं येतं, कुंडात भोवरे करत विरतं आणि पुढच्या फटीकडे जातं. मासा फटीतून झटका मारून वर येतो आणि कुंडाच्या शांत कोपऱ्यात दम खातो. याहून जुनं डिझाइन बेल्जियमच्या गुस्ताव्ह डेनिल यांचं, १९०९ चं. त्यात उतरत्या पाटाच्या तळाला आणि कडांना पट्ट्या लावून पाण्याचा वेग मारतात. तिथे विश्रांतीला कोपरा नसतो, एका दमात चढावं लागतं.

दोन्हींचं मूळ तत्त्व एकच. पाणी उंचावरून खाली येताना ऊर्जा मोकळी होते. ती कुठेतरी जायलाच हवी. वेगात जाऊ दिली तर मासा वाहून जाईल, म्हणून मुद्दाम भोवरे करून ती उष्णतेत घालवायची. म्हणजे माशांची शिडी हे मुळात टर्ब्युलन्सचं मशीन आहे. प्रश्न इतकाच की ते मशीन किती जागेत बसवलंय.

यासाठी इंजिनियर एक आकडा वापरतात: प्रत्येक घनमीटर पाण्यात किती वॉट ऊर्जा विरते. ट्राउट-सामनसाठी २०० वॉटच्या आत, त्याहून कमी ताकदीच्या नदीतल्या माशांसाठी १५० च्या आसपास किंवा कमी, असे दंडक रूढ आहेत. करून बघू. सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी, दोन कुंडांमधला फरक ३० सेंटिमीटर. १००० गुणिले ९.८१ गुणिले ०.५ गुणिले ०.३, म्हणजे सुमारे १४७० वॉट. १५० चा दंडक पाळायचा तर कुंडात जवळजवळ १० घनमीटर पाणी हवं. एक कुंड दोन मीटर रुंद, तीन मीटर लांब आणि दीड मीटरहून खोल. १० मीटर उंचीचं धरण असेल तर अशी तीसच्या वर कुंडं. इथे पैसे वाचवायला कुंड अर्धं केलं की वॉट दुप्पट होतात आणि बाहेरून फोटोत काहीच फरक दिसत नाही.

फटीतला वेगही याच फरकावरून निघतो. ३० सेंटिमीटरला सेकंदाला साधारण २.४ मीटर. फरक निम्मा करून १५ केला तरी वेग निम्मा होत नाही, १.७ वरच येतो, कारण मध्ये वर्गमूळ आहे. लहान माशांसाठी वाट करायची तर शिडी खूप लांब करावी लागते, ती अशी.

आणि हा आकडाही पुन्हा सरासरीच. १५० वॉट सगळ्या कुंडात सारखे पसरत नाहीत. फटीसमोर प्रचंड, कोपऱ्यात नगण्य. कधी कधी कोपऱ्यात मोठा गोल फिरणारा भोवरा होतो आणि लहान मासे त्यात चकरा मारत बसतात, पुढची फट सापडतच नाही. त्याआधीची अडचण तर आणखी साधी आहे: माशाला शिडीचं तोंड सापडलं पाहिजे. तो प्रवाहाची धार पकडून येतो, आणि शेजारी टर्बाइनमधून शिडीच्या कित्येक पट पाणी उसळत बाहेर पडत असतं. त्या गोंगाटात शिडीची धार हरवते.

यातले बहुतेक जुने आकडे सामन आणि ट्राउटवरून आलेले आहेत. म्हणजे माशांमधले ॲथलीट. तेच डिझाइन दुसऱ्या नदीत नेलं की गडबड होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शॅड माशांच्या बाबतीत शिड्या असूनही फार थोडे मासे सगळी धरणं ओलांडतात असं दिसून आलंय. आपला हिलसा, ज्याला कोकण किनाऱ्यावर पाला म्हणतात, तो शॅडच्याच गोतावळ्यातला. गंगेवर फरक्का बॅरेज १९७५ मध्ये सुरू झालं. त्याआधी हिलसा अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही पुढे जायचा. आता बॅरेजच्या वर तो फारच कमी मिळतो.

आपल्या नद्यांवर

महाराष्ट्रात माशांच्या वाटेबद्दल बोलताना मोठ्या धरणांचीच चर्चा होते. पण वलगणीच्या माशाला आधी भेटतात ते छोटे बंधारे आणि रस्त्याखालच्या मोऱ्या. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात एक चांगली गोष्ट आपोआप झालेली आहे. पावसाळ्याआधी त्याचे बरगे काढतात आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा बसवतात. म्हणजे मासे चढायच्या दिवसांत गाळे मोकळे असतात. हे पाणी अडवण्याच्या आणि पुराच्या सोयीसाठी केलेलं आहे, माशांसाठी नाही, पण मासे त्याचा फायदा घेऊ शकतात. बरगे वेळेवर निघाले नाहीत, किंवा खालच्या बाजूचं काँक्रीट खचून उंच पायरी तयार झाली, तर मात्र वाट बंद.

नळाच्या मोऱ्यांचं तसं नाही. गुळगुळीत सिमेंटच्या नळात पाणी उथळ आणि वेगवान होतं, मागे थांबायला एकही दगड नाही, आणि नळाचं तोंड ओढ्याच्या वर लटकत असेल तर उडी मारल्याशिवाय आतच जाता येत नाही. इथे उपाय महागडा नाही. नळ थोडा मोठा घ्यायचा आणि ओढ्याच्या तळाच्या खाली गाडायचा, म्हणजे आत दगडगोटे साचतात. त्या खडबडीत तळाजवळ वेग कमी राहतो आणि लहान माशांना पचतील असे लहान भोवरे तयार होतात. इथे पाणी जास्त खळखळतं आणि तरीही मासा जातो. सुरुवातीच्या रीलचं उत्तर हेच.

हे सगळं मोजतात कसं?

पाण्यात बारीक चमकणारे कण सोडायचे, लेझरचा पातळ पडदा पाडायचा आणि कॅमेऱ्याने झटपट दोन फोटो काढायचे. दोन्ही फोटोंचे छोटे चौकोन जुळवून कण कुठे सरकले ते काढलं की वेगाचा नकाशा तयार. याला पार्टिकल इमेज व्हेलॉसिमेट्री, म्हणजे पीआयव्ही म्हणतात. नदीत लेझर चालत नाही, तिथे आवाजाच्या लहरींवर चालणारं यंत्र एका बिंदूवर सेकंदाला अनेक वेळा वेग मोजतं.

कॉम्प्युटरवर सिम्युलेशनही करतात, पण तिथेही तोच सापळा आहे. स्वस्त मॉडेल सरासरी प्रवाह देतं, भोवरे पुसून टाकतं. मोठे भोवरे दाखवणारं मॉडेल चालवायला कितीतरी पट जास्त कॉम्प्युटिंग लागतं. काही जण याच्यापुढे जाऊन त्या पाण्यात आभासी मासे सोडतात, अगदी गेममधल्या एनपीसीसारखे. अमेरिकेच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्समधले अँड्र्यू गुडविन आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये असं मॉडेल छापलं. त्यात प्रत्येक आभासी सामन पिल्लू आजूबाजूच्या पाण्याचा वेग कसा बदलतोय, दाब किती आहे, आणि आपण आत्तापर्यंत कशाला सरावलोय यावरून पुढची चाल ठरवतं. चार-पाच साधे नियम, पण धरणापाशी पिल्लं कुठल्या वाटेने जातात याचा अंदाज त्यातून येतो.

घरी करून बघायचं असेल तर फोन पुरेसा आहे. पावसाळा संपल्यावर, पूर नसताना, एखाद्या पाटावर किंवा पुलावर सुरक्षित उभं राहून करा. पाण्यात १० सेंटिमीटर जाडीचा खांब किंवा बांबूचा जुडगा उभा असेल आणि पाणी सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल तर वरच्या सूत्राने सेकंदाला एक जोडी भोवरे सुटायला हवेत. मूठभर कुरमुरे टाका, कॅमेरा सरळ खाली धरा, फ्रेममध्ये मीटरपट्टी येऊ द्या आणि सेकंदाला ६० फ्रेमने व्हिडिओ घ्या. ओपन-पीआयव्ही नावाची पायथनची मोफत लायब्ररी आहे, तिला दोन लागोपाठच्या फ्रेम दिल्या की वेगाचे बाण मिळतात. एक मीटर म्हणजे १००० पिक्सेल असतील तर अर्धा मीटर वेगाला कुरमुरा एका फ्रेममध्ये साधारण ८ पिक्सेल सरकतो. जुळवणीचा चौकोन त्याच्या निदान चौपट, म्हणजे ३२ पिक्सेलचा ठेवा. ३० फ्रेमने घेतलं तर सरकणं दुप्पट होतं, मग चौकोन ६४ लागेल आणि लहान भोवरे दिसणार नाहीत. एका बिंदूवरच्या वेगांचं प्रमाण विचलन काढून त्याला सरासरीने भागलं की टर्ब्युलन्सचा जोर मिळतो. खांबाच्या पुढे आणि मागे हा आकडा काढून ताडून बघा.

एवढं ध्यानात ठेवा की कॅमेऱ्याला फक्त वरचं पाणी दिसतं. उभ्या अक्षाचे भोवरे त्यात येतात. माशाला उलटवणारे, लाटण्यासारखे फिरणारे भोवरे खाली असतात, आणि ते कुरमुऱ्यांनी कळत नाहीत.